बाबांची ८९ सालची पद्मिनी घरीच उभी करायचीय, ८० हजारात. कुठनं सुरू करू?

पंचगंगाकाठ

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा टाकतोय, जरा लांबलाय पण वाचा.

बाबांची प्रीमियर पद्मिनी आहे, १९८९ ची. बाबा २०१६ ला गेले, गाडी त्याच्याही आधी म्हणजे २०१३ पासनं परड्यात पत्र्याच्या शेडमध्ये उभीय. आम्ही कोल्हापुरात कसबा बावड्यात राहतो, २०१९ च्या महापुरात शेडमध्ये घोटाभर पाणी आलेलं, २०२१ ला आलं नाही. उभी केली तेव्हा इंजिन चालू होतं, आता चावी फिरवायचं धाडस अजून केलेलं नाही. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा एका बाजूनं खाल्लाय आणि मागच्या डाव्या दाराला खालनं बोट लावलं की गंजाचा भुगा पडतो. चारही टायर बसलेत.

एका गॅरेजवाल्यानं बघून अडीच लाख सांगितले आणि रंगाचे वेगळे म्हणाला. दुसरा म्हणाला भंगारात घाला. आईला ते ऐकून दोन दिवस जेवण गेलं नाही. माझ्याकडं ८० हजार आहेत, ते पण एकदम नाही, वर्षभरात थोडे थोडे. रविवार मोकळा असतो. स्प्लेंडरचं सगळं काम मी घरी करतो, कार्ब्युरेटर, क्लच प्लेट, सगळं, पण चारचाकी कधी उघडली नाही. लहानपणी दसऱ्याला बाबा ह्याच गाडीतनं दसरा चौकात न्यायचे, महाराजांची मेबॅक गाडी बघायला, गिअर स्टिअरिंगला असल्यामुळं पुढच्या बाकावर मधी जागा असायची, तिथं मी.

विचारायचं एवढंच की सुरुवात कुठनं करू, काय घरी होतंय आणि काय बाहेरच द्यायला लागतंय. मी रंगापासनं सुरू करायचं म्हणत होतो, बाहेरनं चांगली दिसली की घरच्यांचा हुरूप राहील.

जुनाफिटर

रंग शेवटी. हे पहिलं लिहितो कारण ह्याच चुकीनं मी लोकांचे पैसे बुडताना बघितलेत. रंग मारून झाला की मग ब्रेकचं काम निघतं, वेल्डिंग निघतं, आणि नव्या रंगावर ठिणग्या उडतात.

चावी फिरवली नाहीस हे लय चांगलं केलंस. बारा वर्षं उभ्या इंजिनात रिंगा (पिस्टनवरच्या कड्या) बोअरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीला चिकटलेल्या असू शकतात, स्टार्टर मारला की रिंग तुटणार आणि बोअरवर ओरखडा. चारही प्लग काढ, प्रत्येक भोकातनं दोन-दोन चमचे इंजिन ऑइल आणि थोडं डिझेल मिसळून सोड, आणि चार-पाच दिवस तसंच राहू दे. मग गाडी न्यूट्रलला ठेवून क्रँक पुलीच्या नटाला पाना लावून हातानं फिरव. जोर करायचा नाही. हलली नाही तर परत ऑइल, परत वाट बघ. माझ्याकडं एक इंजिन तीन आठवड्यांनी सुटलं होतं. मोकळं झालं की जुनं ऑइल काढून टाक, नवं भर, फिल्टर बदल आणि मगच बॅटरी.

फिरायला लागलं की कॉम्प्रेशन गेज आण, चारही सिलिंडरचं माप घेऊन कागदावर लिही. एखाद्याचं कमी आलं तर त्यात चमचाभर ऑइल टाकून परत माप. वाढलं तर रिंगा-बोअरचं दुखणं, नाही वाढलं तर व्हॉल्व्ह नाहीतर हेड पॅकिंग (ब्लॉक आणि वरच्या हेडमधलं गॅस्केट). ही टेस्ट घरी होते, फुकटात होते, आणि ती केल्याशिवाय कुणी "इंजिन फुल करायला लागतंय" म्हणालं तर त्याला गाडी द्यायची नाही.

इंजिन खोलायला लागलंच तर खोलायचं, धुवायचं आणि जोडायचं काम तू कर, मशिनचं काम उद्यमनगरात, आपल्या वर्कशॉपांच्या भागात दे. आपल्या गावात जन्मल्याचा हा फायदा आहे भावा, बोरिंग, क्रँक ग्राइंडिंग, हेडचा फेस, बूश टर्न करून घेणं, सगळं एका फेरीत पायी पायी होतंय. पुण्यातली माणसं इथं इंजिन घेऊन येतात. फक्त दोन गोष्टी. एक, ओव्हरसाइज पिस्टन आधी हातात घे आणि तो पिस्टन नेऊन मग बोअर मारायला सांग, प्रत्येक पिस्टन मापून बोअर मारतात, उलटं केलंस तर क्लिअरन्स चुकतो. दोन, ह्या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं आहे, एकदा जरी गाडी तापली असेल तर हेड वाकतं. सरळपट्टी ठेवून खालनं उजेड बघ. जोडताना बोल्ट मधनं सुरू करून बाहेर, तीन टप्प्यात, टॉर्क पान्यानं. टॉर्क पाना विकत घेऊ नको, लेथवाल्या ओळखीच्याकडनं एका दिवसासाठी माग.

पण इंजिनच्याही आधी ब्रेक. चारही चाकांना ड्रम आहेत, व्हील सिलिंडर (चाकातले ब्रेक दाबणारे छोटे सिलिंडर) जाम झालेले असणार, नक्की. रबर किट बदल, सिलिंडर आतनं खड्डे पडलेला असेल तर अख्खा बदल, होज पाइप तिन्ही नवे घाल. ब्रेक ऑइल डॉट ३, आणि ब्रेकच्या रबराला पेट्रोल-डिझेल अजिबात लावायचं नाही, रबर फुगतं. हवा काढताना लांबच्या चाकापासनं जवळच्या चाकाकडं. चालायच्या आधी गाडी थांबली पाहिजे.

शिरोलीनाका

मी कागदांचं सांगतो कारण ह्यात सगळ्यात जास्त माणसं अडकतात. गाडीचा एक बोल्ट खोलायच्या आधी आरटीओत जाऊन ये.

गाडी बाबांच्या नावावर आहे म्हणजे आधी वारसानं नाव लावायला लागतं, फॉर्म ३१. मृत्यू दाखला, वारसांचं संमतीपत्र, आईची सही, हे सगळं लागतंय. मग आरसीचं नूतनीकरण, फॉर्म २५. खासगी गाडीला पहिली १५ वर्षं, त्यापुढं दर ५ वर्षांनी. तुझी २०१४ नंतर केलेली नसणार. फी आधी ६०० होती, एप्रिल २०२२ पासनं ५,००० झाली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरच्या चारचाकीला १०,००० केली. वर पर्यावरण कर आणि उशिराचं जे काही निघेल ते. म्हणजे तुझ्या ८० हजारातला चांगला मोठा तुकडा कागदाला जाणार, तो आत्ताच बाजूला काढून ठेव. विमा, पीयूसी आणि नवी एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर पाटी पण त्यातच धर.

पाहणीला गाडी चालत न्यायला लागते आणि तिथं नंबर बघतात, त्यामुळं इंजिन नंबर आणि चासी नंबर वायर ब्रशनं घासून बुजवू नको, हलक्या हातानं रॉकेलच्या बोळ्यानं पूस. आणि रंग तोच ठेव. बदलायचा असला तर आधी परवानगी, आरसीवर नोंद.

पंचगंगाकाठ

जुनाफिटर काका, शिरोलीनाका दादा, खरंच धन्यवाद. कागदांचा विचारच केला नव्हता. आईनं बाबांची फाइल काढली, आरसी बुक सापडलं, २०१४ लाच संपलंय.

लालमाती

मी जरा उलटं बोलणार, राग मानू नको. ८० हजारात जुनी मारुती ८०० घे आणि तिच्यावर शीक. पार्ट कुठंही मिळतात, ७९६ सीसीचं छोटं इंजिन, दोघांनी उचलून बाहेर काढता येतं. पद्मिनीचं उत्पादन २००० च्या सुमारास थांबलंय, काच फुटली, ग्रिल मोडली तर कुठं शोधणार.

फक्त एक, ८०० घेताना मी फसलो तसं फसू नको. २०१९ च्या शेवटी एका विक्रेत्याकडनं घेतली, बाहेरनं आरशासारखी. महिन्याभरात वायरिंग गेलं, मग हीटरमधनं चिखलाचा वास यायला लागला. पुरातली गाडी होती. आता जुनी गाडी बघायला जातो तेव्हा सीट बेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढून बघतो, आतल्या भागावर गाळाची रेघ राहते, ती कुणी धूत नाही. सीटखालच्या स्प्रिंगा बघतो. दाराचं पॅनल काढायला लावतो. आणि लोहचुंबक फडक्यात गुंडाळून पत्र्यावरनं फिरवतो, जिथं चिकटत नाही तिथं लांबी (पुट्टी) भरलीय.

जुनाफिटर

लालमाती, शिकायला ८०० चांगली हे मान्य. पण तो गाडी शोधत नाही, त्याच्याकडं गाडी आहे. आणि पद्मिनीच्या पार्टचं एवढं अवघड नाही. मुंबईत एवढ्या वर्षांच्या टॅक्स्या होत्या, शेवटची ऑक्टोबर २०२३ ला बंद झाली, त्या गाड्यांचं सामान कुर्ल्याच्या सीएसटी रोडला अजून निघतंय. यांत्रिक सामान मिळतं. अवघड आहे ते काच, रबर बीडिंग आणि क्रोमच्या पट्ट्या, म्हणून त्या काढताना स्क्रू ड्रायव्हरनं उचकटू नको, आतनं क्लिप सोड.

तांब्याचीतार

मी इलेक्ट्रिकलमधली, भावाच्या जुन्या फियाटचं वायरिंग मी स्वतः केलंय, दीड महिना संध्याकाळी बसून, म्हणून तेवढंच सांगते. बारा वर्षं शेडमध्ये म्हणजे उंदरांनी वायरी खाल्ल्या असणारच. बॅटरी जोडायच्या आधी डॅशबोर्डखाली हात घालून बघ. अख्खं हार्नेस (वायरींचा जुडगा) एकदम उपटू नको! प्रत्येक वायर काढायच्या आधी फोटो, आणि दोन्ही टोकांना चिकटपट्टीवर नंबर. मी पहिल्याच दिवशी कंटाळा करून आठ वायरी तशाच काढल्या होत्या, त्या आठांनी मला चार दिवस खाल्ले.

जुन्या गाड्यांचे निम्मे इलेक्ट्रिकल आजार अर्थिंगचे असतात. दिवा मंद, हॉर्न घोगरा, स्टार्टर दमलेला, की आधी बॅटरीची निगेटिव्ह केबल पत्र्याला आणि इंजिनला जिथं बसते ती जागा चमकेपर्यंत घास. हेडलाइटला रिले टाक, सगळा करंट त्या जुन्या स्विचमधनं जाऊ देऊ नको. आणि नवीन काहीही जोडलंस, मोबाइलचं चार्जर जरी, तर वेगळा फ्यूज.

पंचगंगाकाठ

ताई, उंदीर नव्हे, घुशीच होत्या. डॅशखाली बघितलं, तीन ठिकाणी तांबं उघडं आहे. बॅटरी जोडत नाही.

गंजवैरी

पत्र्याचं मी सांगतो, कोल्हापूरच्या पावसात वीस वर्षं ह्याच कामात आहे.

भावा ह्या गाडीला वेगळी चासी नाही, पत्रा हीच चासी. त्यामुळं दाराखालचा आणि पायाखालचा पत्रा म्हणजे नुसतं दिसायचं काम नाही, त्याच्यावर गाडी उभी आहे. फायबर आणि लांबी भरून झाकायचं नाही. सडलेलं सगळं चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचं आणि नवा पत्रा वेल्ड करायचा. कापताना दारं बसवूनच ठेव आणि दाराच्या चौकटीत आडवा पाइप टाचून घे, नाहीतर बॉडी हलते आणि दार परत बसत नाही. वेल्डिंग स्वतः करू नको, सीओटू वेल्डिंग मशिनवाला घरी बोलव, दिवसाच्या हजेरीवर येतात. तो यायच्या आधी पेट्रोलची टाकी काढून लांब ठेव. रिकामी टाकी जास्त धोक्याची, वाफ पेटते.

छोटे भाग, ब्रॅकेट, बिजागरी, दाराची हँडलं, ह्यांचा गंज काढायला ग्राइंडर नको. प्लास्टिकच्या बादलीत पाणी आणि धुण्याचा सोडा, त्यात भंगारातलं लोखंड प्लसला आणि आपला पार्ट मायनसला, बॅटरी चार्जर लावून रात्रभर. सकाळी गंज काळ्या साईसारखा निघतो, चांगल्या लोखंडाला धक्का नाही. उघड्यावरच कर, हायड्रोजन सुटतो. प्लसला स्टेनलेस स्टील लावू नको, विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. ॲल्युमिनियम त्यात टाकायचं नाही.

दाराच्या खालच्या कडेला पाणी जायची भोकं असतात. तुझ्या त्या डाव्या दाराची बुजलेली असणार, म्हणूनच सडलंय. बाकी तिन्ही आजच तारेनं मोकळी कर.

रंग: घासणं, लांबी, प्रायमर, पाण्याचा पॉलिश पेपर, हे सगळं तू कर, मजुरी त्यातच जाते. शेवटचा पीयू (पॉलियुरेथेन) रंग मारायला रंगाच्या बूथमध्ये दे. त्याच्या हार्डनरमधला आयसोसायनेट साध्या मास्कनं अडत नाही, छातीत बसतो. माझ्याबरोबरच्या एकाला आता जिना चढवत नाही.

जुनाफिटर

गंजवैरीनं सांगितलं ते सोन्यासारखं आहे. एक माझ्याकडनं राहिलं. गाडीखाली जायच्या आधी लोखंडी घोड्या (गाडी तोलून धरायचे स्टँड) घे, दोन जोड्या. नुसत्या जॅकवर नाही, विटांवर तर कधीच नाही, वीट सांगून फुटत नाही. ह्यात काटकसर करू नको.

आणि पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या बदल, पंपाचा डायफ्रॅम पण. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे, जुनं रबर त्यात मऊ पडून झिरपतं, आणि ते झिरपतं तापलेल्या इंजिनावर. टायरवरचा चार आकडी नंबर बघ, ०९११ म्हणजे २०११ चा नववा आठवडा. तुझे कितीही नक्षीदार दिसले तरी टाकून दे.

पंचगंगाकाठ

पाच आठवड्यांनी लिहितोय.

नाव लावायचा अर्ज दिलाय, बहिणीची सही राहिली होती ती इचलकरंजीवरनं येऊन करून गेली. कागदासाठी २० हजार आईच्या डब्यात वेगळे ठेवलेत. घोड्या घेतल्या. इंजिन पहिल्या आठवड्यात हललं नाही, दुसऱ्यात नाही, सतराव्या दिवशी पाना पाव फेरा गेला, मी तिथंच खाली बसलो. आता हातानं पूर्ण फिरतंय. बॅटरी शेजारच्या ट्रॅक्टरची आणून फक्त स्टार्टरला डायरेक्ट लावली, गाडीच्या वायरिंगला हात नाही. कॉम्प्रेशन मापलं, एक, दोन आणि चार जवळपास सारखे, तीन नंबर निम्मा. ऑइल टाकून परत मापलं, काहीच फरक नाही. म्हणजे काका तुमच्या हिशोबानं व्हॉल्व्ह नाहीतर पॅकिंग, बोअर नाही. बरोबर ना? हेड येत्या रविवारी काढतोय.

ब्रेकचे मागचे दोन्ही सिलिंडर आतनं गेलेत, पुढचे किटवर निघतील असं वाटतंय. कोण मुंबईला जाणार असेल तर मागच्या व्हील सिलिंडरची जोडी आणि दोन बीडिंग क्लिपांची पाकिटं आणायला सांगायची आहेत, पैसे आधी पाठवतो.

शिरोलीनाका

मी गुरुवारी रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं निघतोय, शनिवारी परत. जुन्या सिलिंडरचा सगळ्या बाजूंनी फोटो आणि भोकाचं माप व्हर्नियरनं घेऊन पाठव, नुसतं पद्मिनी म्हटलं तर तिथं दोन प्रकार पुढं करतात.