डिझेल गाडीतला ईजीआर (एक्झॉस्टचा काही भाग परत इंजिनात सोडणारी यंत्रणा) बंद केला की धूर कमी होतो, मग तो बंद का ठेवू नये?

नोझल:
बीएस४ (२०२०च्या आधीच्या प्रदूषण नियमांतल्या) डिझेल गाडीच्या ईजीआरला पत्र्याची डमी लावून त्याची वाट बंद करावी, असं माझं स्पष्ट मत आहे. इंजेक्टरमधून सुटलेल्या फवाऱ्याच्या पोटात हवा पुरेशी पोचत नाही. उष्णतेने डिझेलचे रेणू तुटतात, पण जळायला ऑक्सिजन नसतो, मग ते तुकडे एकमेकांना चिकटून काजळी होते. त्यातली बरीचशी पुढे हवा मिळाल्यावर जळून जाते. ईजीआर धूर परत आत सोडून नेमका तोच ऑक्सिजन कमी करतो. शिवाय ही काजळी ब्रीदरमधून (इंजिनातली तेलकट वाफ परत आत नेणाऱ्या नळीतून) येणाऱ्या ऑइलमध्ये कालवली जाऊन इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरना हवा देणाऱ्या नळ्यांत, डांबरासारखी बसते. डमी लावली की धूर कमी, पीयूसीचा आकडाही खाली.

निळी ज्योत:
काजळीचं बरोबर सांगितलंत, पण पीयूसी डिझेल गाडीचा फक्त धूर मोजते. इंजिनात तयार होणाऱ्या नायट्रिक ऑक्साइड या दुसऱ्या प्रदूषक वायूला रंग नसतो. ते फवाऱ्याच्या पोटात नाही, बाहेरच्या कडेला तयार होतं. तिथे डिझेल आणि हवा नेमक्या प्रमाणात भेटतात आणि ज्योत अडीच हजार अंश सेल्सिअसच्या जवळ जाते. एवढ्या उष्णतेत सुटा झालेला ऑक्सिजनचा अणू नायट्रोजनची घट्ट जोडी फोडतो. अमेरिकेच्या सँडिया प्रयोगशाळेत जॉन डेक यांनी १९९७मध्ये फवाऱ्याचं हे चित्र मांडलं: पोटात काजळी, कडेला नायट्रिक ऑक्साइड. म्हणूनच एक दाबलं की दुसरं वर येतं.

ईजीआरमुळे ऑक्सिजन कमी होतो, कार्बन डायऑक्साइड आणि वाफ उष्णता शोषतात आणि ज्योतीचं तापमान उतरतं. बीएस४ डिझेल कारला नायट्रोजन ऑक्साइडची (नायट्रिक ऑक्साइड आणि नायट्रोजन डायऑक्साइड मिळून) मर्यादा किलोमीटरला ०.२५ ग्रॅम. ती पाळायला बहुतेक गाड्यांत ईजीआरशिवाय दुसरं साधन नाही. हाच वायू उन्हात ओझोन तयार करायला मदत करतो, आणि हवेतल्या अमोनियाशी मिळून नायट्रेटचे बारीक कणही करतो. धूर दिसेनासा झाला म्हणजे हवा स्वच्छ झाली, हे मला अजिबात मान्य नाही.

दहाचा पाना:
डमीने पिकअप वाढतो असं सांगतात, त्याबद्दल. पूर्ण ॲक्सिलरेटर दाबल्यावर ईजीआरचा चांगला व्हॉल्व्ह जवळजवळ बंदच असतो. तेव्हा डमी लावून फरक पडला, तर तो व्हॉल्व्ह काजळीने उघडा अडकला होता. तो उतरवून साफ करा. चालू इंजिनच्या इनटेकमध्ये क्लीनर ओतू नका, सुटलेले खडे सिलिंडरमध्ये जातात. मॅनिफोल्डही सोबत काढा, गॅस्केट नवं टाका, आणि स्कॅनरने व्हॉल्व्हची बंद जागा परत शिकवा. ही शेवटची पायरी राहिली की चेक लाइट पुन्हा लागते.

लांब पल्ला:
डमी चूकच, पण मुळात ईजीआरवर भर देणंही मला पटत नाही. इंजिनात गरम, स्वच्छ जळू द्यावं आणि नायट्रोजन ऑक्साइड सायलेन्सरच्या बाजूला युरियाने मारावा. ३२.५ टक्के युरियाचं द्रावण एससीआरमध्ये (एक्झॉस्टच्या वाटेतल्या उत्प्रेरकाच्या डब्यात) अमोनिया देतं, अमोनिया नायट्रोजन ऑक्साइडचं नायट्रोजन आणि पाणी करून टाकतो. महामार्गावरच्या काही ट्रक इंजिनांत ईजीआर नसतोच. काजळी कमी, डिझेलही कमी लागतं.

निळी ज्योत:
महामार्गावर हे खरं आहे. पण एक्झॉस्ट २०० अंशांच्या खाली असताना एससीआर जवळजवळ काम करत नाही, आणि द्रावण फवारलंच तर पांढरे खडे जमून नळी तुंबते. शहरात थांबत-थांबत जाणाऱ्या बसचा एक्झॉस्ट बराच वेळ त्याच्या खालीच राहतो. तेव्हा ईजीआरच हवा. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस६मध्ये डिझेल कारची नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरला ०.०८ ग्रॅम झाली. म्हणून कित्येक गाड्यांत दोन्ही बसवलेले दिसतात.

नोझल:
नायट्रोजन ऑक्साइडचा मुद्दा मान्य, तो मी धरलाच नव्हता. पण साफ केलेला व्हॉल्व्ह वर्षभरात पुन्हा भरतो. तो खर्च गाडीमालकानेच का सोसायचा?

दहाचा पाना:
वर्षात भरला तर दोष दुसरीकडे शोधा. इंटरकूलरचा (टर्बोची हवा थंड करणाऱ्या जाळीचा) पाइप फाटून हवा गळते, इंजेक्टर ठिबकतो, किंवा ब्रीदरचा ऑइल सेपरेटर बाद झालेला असतो. पाइप उतरवून आत बोट फिरवा: कोरडी काजळी आली तर इंजेक्टर आणि हवा, चिकट आली तर सेपरेटर आधी तपासा.