मदत हवी आहे: धातूमिश्रित मातीत कोणते झाड लावावे?

भांडुपकर
आमच्या सोसायटीच्या मागे सुमारे 40 चौरस मीटर मोकळी जागा आहे. तेथील माती तपासून घेतली असता जड धातू प्रमाणाबाहेर निघाले. वनस्पती मातीतील धातू शोषून घेतात हे मी वाचले आहे, तेव्हा सिद्धांत समजावू नये. कोणते झाड लावावे आणि किती महिन्यांत तेथे भाजी घेता येईल, एवढेच कृपया सांगावे. पाऊस तोंडावर आहे आणि समितीला रविवारी उत्तर द्यायचे आहे.

हिरवामाळ
मोहरी लावा. ती अनेक धातू शोषते, वाढतेही भराभर.

जुना रसायनी
कोणता धातू, किती, मातीचा सामू (पीएच) किती आणि त्या जागेवर पूर्वी काय होते, हे कळल्यावाचून झाडाचे नाव सांगणे म्हणजे रोग न विचारता औषध देणे होय. टेरिस व्हिटाटा हे नेचे आर्सेनिक विलक्षण प्रमाणात साठवते, हे 2001 मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु तुमच्या मातीत आर्सेनिकच नसेल, तर त्याचा उपयोग शोभेपुरताच. शिवाय मोहरी रब्बीची आहे. मुंबईच्या जुलैत तिची मुळे कुजतील.

भांडुपकर
शिसे, किलोमागे 640 मिलिग्रॅम. सामू 7.4. पूर्वी तेथे बॅटरी दुरुस्तीचा गाळा होता. आता तरी झाड सांगा.

 

हिरवामाळ
शिसे असेल तर मोहरीबरोबर ईडीटीए हे धातू बांधून घेणारे रसायन द्यावे. ते शिशाला विरघळवते आणि मग रोप ते पानांपर्यंत ओढते.

जुना रसायनी
विरघळलेले शिसे रोपाची वाट पाहत थांबत नाही; आपल्याकडच्या पावसात ते सरळ खाली झिरपते. भांडुपकर, आवारात बोअरवेल आहे का?

भांडुपकर
आहे. त्याचा येथे काय संबंध?

जुना रसायनी
खाली झिरपलेले शिसे बोअरवेलच्या पाण्यात उतरू शकते, म्हणून ईडीटीए नको. आता हिशेब पाहा. वरच्या 20 सेंटीमीटर थरात एका चौरस मीटरला साधारण 260 किलो माती भरते. शिसे 640 वरून 400 वर आणायचे, तरी चौरस मीटरमागे सुमारे 62 ग्रॅम बाहेर काढावे लागेल. आणि अमेरिकेत निवासी जागेसाठी वर्षानुवर्षे पाळलेली ही 400 ची पातळीसुद्धा 2024 मध्ये 200 वर आणली गेली. एका पिकातून चौरस मीटरमागे किलोभर सुकी पाने-देठे निघाली आणि त्यांत किलोमागे 50 मिलिग्रॅम शिसे चढले असे धरले, तर हजाराहून अधिक पिके घ्यावी लागतील. शिसे मातीच्या कणांना चिकटून बसते, आणि मुळात शिरले तरी बहुतांशी मुळातच अडकते.

नदीकाठ
म्हणूनच वाळा लावावा, असे माझे मत आहे. तो शिसे काढून टाकणार नाही, परंतु त्याची खोल, दाट मुळे माती धरून ठेवतील आणि धूळ उडणार नाही. सोबत फॉस्फेटयुक्त खत दिल्यास शिशाचा काही अंश न विरघळणाऱ्या संयुगात बांधला जातो. आमच्या खाडीकाठच्या भरावावर वाळा चौथ्या वर्षीही टिकून आहे. मात्र त्या जागेवर मुले खेळतात का?

भांडुपकर
अर्थातच खेळतात, दुसरे मैदान कोठे आहे? परंतु माझा प्रश्न भाजीचा आहे.

नदीकाठ
मग हे पहिल्या ओळीत यायला हवे होते. मुलांच्या बाबतीत हाताला लागून तोंडात जाणारी माती हाच मोठा धोका आहे. आजच जागा बंद करा. त्यावर जाड कापड अंथरून बाहेरची स्वच्छ माती घाला आणि भाजी हवीच असेल तर ती तळ असलेल्या उंच वाफ्यांत घ्या.

जुना रसायनी
सहमत. आणखी एक विचारतो: यापूर्वी तेथे काही लावले होते का?

भांडुपकर
गेल्या वर्षी सूर्यफूल लावले होते. फुले संपल्यावर झाडे उपटून सोसायटीच्या खत-खड्ड्यात टाकली.

जुना रसायनी
मुळांसकट? आणि ते खत कोठे गेले?

भांडुपकर
मुळांसकट, मातीही झटकली नव्हती. खत गेल्या महिन्यात घरोघरी तुळशीच्या कुंड्यांसाठी वाटले. गच्चीवरच्या मेथीलाही दिले आहे.

जुना रसायनी
देठा-पानांतून फारसे शिसे गेले नसेल. मुळांना चिकटलेल्या मातीची चिंता अधिक आहे. खड्ड्यातील उरलेल्या खताचा नमुना उद्याच त्याच प्रयोगशाळेत द्या, आणि अहवाल येईपर्यंत ती मेथी कोणी खुडू नये असे आजच सर्वांना कळवा.