प्रेक्षकांशिवाय ज्युनिअर हॉकी चालत नाही

"टीव्हीवर दिसतंय, मग कोविडच्या साथीत स्टेडियममध्ये कशाला जायचं," असं काही जण म्हणतात. ते एनएचएल या आइस हॉकीच्या मोठ्या व्यावसायिक लीगपुरतं ठीक आहे. ज्युनिअर हॉकीची मदार तिकिटावर असते. खेळणारी पोरं १६ ते २० वर्षांची. इथे कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात ओएचएल या ज्युनिअर लीगचा २०२०-२१चा अख्खा हंगाम रद्द झाला आणि ज्यांचं ते शेवटचं वर्ष होतं, त्यांना साधा निरोपाचा सामनाही मिळाला नाही. मला त्याचं अजून वाईट वाटतं.

पुढच्या हंगामात आम्ही सामने बघायला ऑन्टॅरिओतल्याच किचनर शहरात जात होतो, नियम पाळूनच. दारात हातमोजे काढून लसीचा क्यूआर कोड आणि ओळखपत्र दाखवायचं, आत मास्क. जानेवारी २०२२मध्ये प्रेक्षकांना पुन्हा बंदी आली, महिनाअखेरीस फक्त ५०० जणांना परवानगी मिळाली. सात हजारांवर खुर्च्यांच्या त्या हॉलमध्ये ५०० माणसं! स्केट बर्फावर घासल्याचा आवाज वरच्या रांगेपर्यंत यायचा, गोलरक्षक बचावपटूला काय ओरडतोय तेही कळायचं.

धोका होताच, घरी म्हातारी माणसं असलेल्यांनी जाऊ नये हे मलाही पटतं. पण जे गेले त्यांना बेजबाबदार म्हणू नका. गोल झाल्यावर ती पोरं काचेपाशी येऊन आमच्याकडे बघायची.