स्पितीच्या थंडीत गाडीला कुठलं ऑइल?

नमस्कार मंडळी,
जानेवारीत म्हापशाहून गाडीने स्पितीतल्या काझाला जायचं नक्की केलंय, शिमला-किन्नौरमार्गे, कारण मनालीकडून येणारा कुंझुम घाट तेव्हा बंद असतो. गाडी डिझेल, बीएस ६ (नव्या प्रदूषण-नियमातली). गॅरेजवाला म्हणतो १५डब्ल्यू-४० टाका, जाड ऑइल असलं की इंजिन सांभाळतं. तुमच्यातले बरेच जण थंड देशांत राहून आलेत, जरा सांगा ना.

--- उत्तर, फोंड्याहून ---
अरे, थंडीसाठी जाड ऑइल अजिबात नको. डिसेंबरात आपल्याकडे सकाळी खोबरेल तेल बाटलीत पांढरं होऊन बसतं ना, मिनरल ऑइलमधलं मेण उणे तापमानात तसंच धरतं, मग पंप ते ओढणार कसं? सेल मारल्यावर पहिले काही सेकंद वरचा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) कोरडाच फिरतो आणि इंजिनाची खरी झीज तेव्हाच होते, हायवेवर नाही.

तू डब्ल्यूच्या आधीचा आकडा बघ, थंडीचा तो. थंडीत इंजिन फिरतं का याची टेस्ट १५डब्ल्यूची उणे २० ला होते, ५डब्ल्यूची उणे ३० ला, ०डब्ल्यूची उणे ३५ ला. काझाला जानेवारीत रात्री उणे २० च्या खाली सहज जातं, म्हणजे १५डब्ल्यू तिथे अगदी काठावर. फुल सिंथेटिक ५डब्ल्यू-३० किंवा ०डब्ल्यू-३० घे, पण मॅन्युअलमध्ये जो ग्रेड आणि जे स्पेसिफिकेशन छापलंय तेच, कारण बीएस ६ डिझेलला डीपीएफ (धुरातली काजळी धरणारा फिल्टर) असतो आणि त्याला कमी राखेचं ऑइल लागतं, दुसरं घातलंस तर फिल्टर हळूहळू चोंदतो. कॅनवरचं बारीक अक्षर स्वतः वाच, गॅरेजवर सोडू नको प्लीज.

कॅनडात विनिपेगला आमच्या पार्किंगमध्येच प्लग असायचे, रात्री ब्लॉक हीटर (इंजिन गरम ठेवणारा) लावून ठेवायचा. तुला तिथे ते मिळणार नाही म्हणून ऑइल नीट असायलाच हवं. सकाळी स्टार्ट झाली की रेस अजिबात करू नकोस, मिनिटभर थांब आणि मग हळू चालव.

--- म्हापशाहून ---
थँक्यू दादा! परत आल्यावर गोव्याच्या उकाड्यात हेच चालेल का, की बदलायचं?

--- फोंड्याहून ---
चालेल, मॅन्युअलमधलं असेल तर. दुसरा आकडा १०० डिग्रीच्या जाडीचा, तो ३० म्हणजे ५डब्ल्यू असो की ०डब्ल्यू, गरम इंजिनात दोन्ही सारख्याच रेंजमध्ये. ठरलेल्या किलोमीटरलाच बदल.

आणि एक राहिलं, ते ऑइलपेक्षाही महत्त्वाचं: डिझेल. आपल्याकडचं साधं डिझेल तिथे टाकीतच गोठायला लागतं. इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ पर्यंत टिकणारं डिझेल काढलं होतं, तसं हिवाळी डिझेल मिळतंय का ते किन्नौरच्या पंपांवर विचार आणि टाकी जवळजवळ रिकामी करून मगच भर. बॅटरी जुनी असेल तर निघण्याआधीच बदल, उणे १८ ला तिची ताकद जवळपास निम्म्यावर येते. कूलंट ५०-५० (निम्मं कूलंट, निम्मं पाणी) आहे ना तेही बघून घे, नुसतं पाणी घातलेलं असेल तर ते गोठून इंजिनाचा ब्लॉक फुटू शकतो.