लॉबीतल्या फळ्यावर माझं वजन

चौथी_सीट :
घोडबंदर रोडला आमची सोसायटी. यंदा गणपतीच्या कार्यक्रमांत समितीने ‘वजन घटवा’ स्पर्धा ठेवली. क्लबहाउसमध्ये इलेक्ट्रॉनिक काटा, दर रविवारी सकाळी वजन, दोन महिन्यांत जो सर्वांत जास्त किलो उतरवेल त्याला एअर फ्रायर. मी हौसेने नाव दिलं. एअर फ्रायरचा मोह, दुसरं काय.

सोमवारी लिफ्टपाशी फळा लागला. फ्लॅट नंबर, वजन, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) आणि रंग: जास्त वजनाला लाल, कमीला निळा, बेताच्याला हिरवा. ७०४, ८१ किलो, ३२.४, लाल. समिती म्हणते, नावं कुठे लिहिलीत आम्ही? अहो, ७०४ मध्ये राहतो मी आणि माझा मुलगा, नवरा दुबईला. कुरियरवाला लिफ्टची वाट बघत फळा वाचतो आणि वर येऊन माझ्याच हातात पार्सल देतो.

माझं एक वेळ सोडा. मुलगा माझ्यासोबत सहज काट्यावर उभा राहिला होता. वय १९, उंची पाच फूट दहा, वजन ५२. त्याला निळा रंग मिळाला, आणि बुधवारपर्यंत कुणीतरी मार्करने बाजूला लिहिलं, ‘पाप्याचं पितर’. दोन दिवस तोही हसला. आता तो लिफ्टने येत नाही. कॉलेजची बॅग घेऊन सात मजले चढतो. वजन घटवण्याच्या स्पर्धेत सगळ्यांत जास्त घाम तोच गाळतोय.

मला एक गोष्ट खटकते. मराठीत आपण वजनालाच तब्येत म्हणतो. ‘तब्येत सुधारली हं’ म्हणजे जाड झालीस. ‘तब्येत उतरली’ म्हणजे वाळलास. त्यामुळे बोलणाऱ्याला वाटतं की आपण प्रकृतीची चौकशी केली, पुण्य पदरात पडलं. साखर किती, हिमोग्लोबिन किती, झोप लागते का, हे कुणी विचारत नाही. माझे सगळे रिपोर्ट उत्तम आहेत असा माझा दावा नाही. ते माझं आणि डॉक्टरांचं. फळ्याचं त्यात काय काम?

उपवन_पहाटे_५ :
ताई, मार्करने लिहिलं ते वाईटच, त्याबद्दल दुमत नाही. पण फळ्याच्या बाजूने कुणीतरी बोललं पाहिजे, म्हणून मी बोलतो.

माझं वय ६१. वयाच्या ४८ व्या वर्षी ऑफिसातला शिपाई सगळ्यांसमोर म्हणाला, ‘साहेब, शर्टाचं बटण रोज तुटतंय, शिंप्याला नाही, डॉक्टरला दाखवा.’ मला भयंकर राग आला. महिनाभर त्याच्याशी बोललो नाही. मग गेलो तपासायला. उपाशीपोटी साखर १९०. बायकोने, बहिणीने, डॉक्टर मेहुण्याने प्रेमाने दहा वेळा सांगितलं होतं, ते कानावरून गेलं होतं. चारचौघांत लाज वाटली तेव्हा कळलं. त्या दिवसापासून उपवन तलावाला पहाटे ५ ला फेऱ्या, पावसाळ्यात छत्री घेऊन.

आपल्या लोकांना पोट लवकर सुटतं, आणि पोटावरची चरबी सगळ्यांत वाईट. म्हणून तर भारतीयांसाठी बीएमआयची जास्त वजनाची रेघ २५ वरून २३ वर आणली, आणि कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटर, बायकांची ८० च्या वर गेली की सावध व्हा म्हणतात. २०२५ च्या फेब्रुवारीत पंतप्रधानांना ‘मन की बात’मध्ये तेल १० टक्के कमी करा म्हणून सांगावं लागलं. म्हणजे घराघरात सांगून झालं होतं, कुणी ऐकलं नव्हतं. टोकायचं नाही म्हणता, मग सांगायचं कसं?

चौथी_सीट :
काका, तुमच्या शिपायाने तुमचं पोट ऑफिसच्या नोटीस बोर्डावर लावलं नव्हतं. आणि तुम्ही महिनाभर त्याच्याशी अबोला धरला, तरी तुमची नोकरी, लग्न, खुर्ची जागेवर होती. बाईला ऐकवलं जातं ते बऱ्याचदा ‘आता तुझं काय होणार’ या सुरात असतं.

डॉक्टरांचंही सांगते. गेल्या वर्षी कान ठणकत होता म्हणून एका दवाखान्यात गेले. कानात बॅटरी घालायच्या आधी ‘वजन कमी करा’ झालं. कानाचं वजन किती असतं हो?

काडीपैलवान :
या धाग्यावर मला बोलायलाच हवं. मी त्या मुलाच्या बाजूचा. ऐरोलीत राहतो, वय ३१, वजन ५४.

जाड माणसाला जाड म्हणणं निदान आता थोडं असभ्य समजतात. बारीक माणसाला मात्र तोंडावर बोलायची मुभा आहे. ‘हाडं वाजतायत रे’, ‘वारं आलं तर खांबाला धर’, ‘घरी जेवायला घालत नाहीत का’. शेवटच्या वाक्याने माझी आई रडली आहे. ती तिन्ही त्रिकाळ वाढते, माझ्या अंगाला लागत नाही, यात तिचा काय दोष? लोकांना यात कौतुकच वाटतं. ‘नशीबवान आहेस, काहीही खा!’

ठाणे-वाशी लोकलमध्ये बाकावर तिघं बसले की चौथी सीट कोणाला? मला. ‘तू बस, तुला पुरेल.’ अर्धं बूड बाहेर, तुर्भ्यापर्यंत कसरत. आणि लग्नाचं म्हणाल, तर दोन ठिकाणांहून निरोप आला, ‘मुलगा चांगला आहे, पण तब्येतीने कमी वाटतो.’ ताईंचा मुद्दा बघा, इथेही तब्येतच! त्यानंतर मी स्टेशनजवळच्या दुकानातून प्रोटीन पावडरचा डबा आणला. पोट बिघडलं आणि होते त्यातले दोन किलो उतरले.

उपवन_पहाटे_५ :
पण बारीकपणाही तपासायलाच हवा ना? थायरॉइड, जंत, टीबी, काहीही असू शकतं. गप्प बसून कळणार आहे का?

काडीपैलवान :
तिन्ही तपासून झालंय, काका. तिन्हींचं रिपोर्ट कार्ड शर्टावर चिकटवून फिरू?

विदा_दाखवा :
फळ्याची बाजू घेणाऱ्यांना आणि फळ्याच्या विरोधकांना, दोघांनाही थोडा त्रास देतो.

बीएमआय म्हणजे किलोमधलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. हे सूत्र १८३० च्या दशकात बेल्जियमच्या केतले या संख्याशास्त्रज्ञाने काढलं. त्याला शोधायचा होता ‘सरासरी माणूस’, सातव्या मजल्यावरची बाई नव्हे. बॉडी मास इंडेक्स हे नाव आलं थेट १९७२ मध्ये, अॅन्सेल कीज यांच्यामुळे. लोकसंख्येसाठी बरं माप आहे, एकट्यादुकट्या माणसासाठी ढोबळ.

आता गंमत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दोघांचे फोटो शेजारीशेजारी छापले. दोघांचाही बीएमआय २२.३. तुमच्या फळ्यावर दोघेही हिरवे. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! युडकिन मॅरेथॉन धावायचे. याज्ञिक यांनी स्वतःबद्दल तिथेच कबुली दिली होती की आपला मुख्य व्यायाम म्हणजे रुग्णालयात लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत पोचण्यासाठी धावणं.

दिसायला बारीक, आतून चरबीवाला, हा आपल्याकडचा नेहमीचा नमुना आहे. म्हणून उपवनकाका अर्धे बरोबर: आपल्यासाठी रेघ खाली आणावी लागली. अर्धे चूक अशासाठी, की तुमच्या लॉबीत खरी भीती हिरव्या रंगात लपलेल्यांची आहे. ते आरामात एअर फ्रायरची वाट बघतायत.

ताईंना एकच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी २४ टक्के जास्त वजनाच्या आणि १८.७ टक्के कमी वजनाच्या निघाल्या. एकाच देशात दोन्ही टोकं. मोजलं नसतं तर हे कळलंच नसतं. मोजण्याशी भांडू नका, टांगण्याशी भांडा.

पामबीच_धावक :
सगळं खरं, पण शेवटी खाणं तोंडातूनच आत जातं ना? मी पाम बीचवर रोज १० किमी धावतो. वेळ सगळ्यांकडे असतो, इच्छा नसते. आता तर वजन उतरवायची सुई आली, तीही नको, फक्त सहानुभूती पाहिजे.

चौथी_सीट :
सुईचं बरं काढलंत. मार्च २०२५ मध्ये माउंजारो हे त्यातलंच इंजेक्शन भारतात आलं. आमच्या ऑफिसमधल्या एकीने डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरू केलं आणि ११ किलो उतरली. आधी सगळे म्हणायचे, कमी कर. आता म्हणतात, ‘हं, सुई घेतली असणार, त्यात काय कष्ट?’ म्हणजे वजन उतरलेलं चालत नाही, ते रडतकढत उतरलेलं पाहिजे.

आणि वेळ सगळ्यांकडे असतो? मी ६.४० ला घर सोडते, घोडबंदरचं ट्रॅफिक पार करून ठाणे स्टेशन, तिथून लोकल. परत यायला साडेआठ. तुमचे १० किमी मी उभ्याने करते, ट्रेनमध्ये.

थर_पहिला :
+१ ताईंना. मी गोविंदा पथकात १४ वर्षं खालच्या थरात होतो. ९६ किलो. ठाण्यात २०१२ ला जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने नऊ थर लावले, ते मी गर्दीतून बघितलंय. अंगावर काटा आला होता. नऊ थर उभे राहतात ते खाली माझ्यासारखी माणसं असतात म्हणून, आणि हंडी फोडायला वर काडीपैलवान लागतो म्हणून. गोकुळाष्टमीला माझ्या पाठीला हात लावून नमस्कार करतात. दुसऱ्या दिवशी शेअर रिक्षात मी बसलो की मागे तिसरं कुणी येत नाही आणि रिक्षावाला दोन भाडी मागतो.

तरी खरं सांगतो, गुडघे गेलेत माझे. पथक सोडलं. डॉक्टर म्हणाले कमी करा, करतोय. पण हे डॉक्टरांचं ऐकून. टोमण्यांनी झालं असतं तर शाळेतच झालो असतो बारीक.

अवांतर: मार्च २०२५ मध्ये एका पक्षाच्या प्रवक्त्या रोहित शर्माला खेळाडूच्या मानाने जाड म्हणाल्या होत्या. त्याच आठवड्यात चॅम्पियन्स ट्रॉफीच्या फायनलला ७६ मारून सामनावीर.

पामबीच_धावक :
रोहित अपवाद आहे हो.

थर_पहिला :
दर वेळी अपवादच असतो, त्याचं वजन कधी धरत नाहीत.

नेरूळची_आजी :
मुलांनो, मी ७३ वर्षांची. सून टाइप करून देते आहे. १९७२ च्या दुष्काळात मी सांगलीकडच्या एका गावात होते. मदतीची सुकडी खाल्ली, लाल मिलो ज्वारीची भाकरी खाल्ली, दुष्काळी कामावर खडी फोडली. मला बघायला आलेल्या दोन घरांनी ‘मुलगी फार वाळकी, मूल पोसवणार नाही’ म्हणून नाकारलं. तिसऱ्यांनी केलं. मला तीन मुलं झाली. तेव्हा ‘तब्येत सुधारली’ म्हणजे कौतुक होतं, पोटभर मिळतंय असा अर्थ. अंगाने भरलेली सून आली की शेजारीण हेवा करायची. आता माझ्या नातीला तोच शब्द शिवीसारखा लागतो. शब्द तोच राहिला, भूक गेली.

उपवनवाले भाऊ, टोकायचंच नाही असं मी म्हणणार नाही. मी नातीला टोकते. पण कानात, आणि हातात लाडू न घेता. आमच्यात एका हाताने वाढायचं, ‘घे गं अजून, लाजू नकोस’, आणि ताट उचललं की म्हणायचं, ‘सुटलीस फार’. हा डाव बायकाच खेळतो, मीही खेळले आहे.

उपवन_पहाटे_५ :
आजी, नमस्कार. लाडवाचं बरोबर. आमच्या घरी दिवाळीला हेच चालतं. पण कानात सांगितलेलं मी दहा वर्षं ऐकलं नाही, हेही खरं. माझ्या शिपायाला मी नंतर पेढे दिले. साखरेचे नाहीत, खजुराचे.

विदा_दाखवा :
खजुरातही साखर असते, काका.

उपवन_पहाटे_५ :
माहीत आहे. बसा गप्प.

चौथी_सीट :
अपडेट. काल रात्री सेक्रेटरींना भेटले, सोबत चौथ्या मजल्यावरच्या दोघी आणि एक हिरवे काका होते. हिरवे काका माझ्याहून जास्त चिडलेले, कारण त्यांच्या बायकोला त्यांचा खरा आकडा फळ्यावरून कळला. सेक्रेटरी म्हणाले, ‘मॅडम, हेतू चांगला होता.’ मग म्हणाले, बघू. फळा उतरवायला मीटिंगमध्ये ठराव लागेल.

सकाळी बघते तर फळा जागेवरच. फक्त अर्धा पुसून त्यावर महाप्रसादाचा मेनू लिहिलाय: पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभात, जिलबी. खालच्या कोपऱ्यात पुसायचं राहिलंय, ७०४, निळ्यात. मुलगा तिथेच उभा होता, खांद्याला बॅग. म्हणाला, ‘आई, जिलबी माझ्या नावावर लिहिलीय वाटतं.’ आणि लिफ्टचं बटण दाबलं.

उपवन_पहाटे_५ :
पुरी आणि जिलबी, दोन्ही तळणीतलं? १० टक्के तेलाचं काय झालं?