बडोद्यात 1906 ला मुलींना शाळा सक्तीची, मग जर्मनीत तेव्हा काय चाललं होतं?

रावपुरा_कट्टा:
नमस्कार मंडळी. बी.एड.चा असाइनमेंट आहे, सयाजीरावांच्या सक्तीच्या शिक्षणावर. 1893 ला अमरेली तालुक्यात सुरुवात, 1906 ला सगळ्या राज्यात, मुली धरून, इथपर्यंत माझं झालंय. पण मॅडम म्हणाल्या त्याच काळातल्या एखाद्या युरोपियन देशाशी तुलना करा आणि माझ्या वाट्याला आलं जर्मनी. म्हटलं सोप्पंय, ते लोक पुढारलेले, तर वाचते काय, प्रशियात, म्हणजे जर्मनीतल्या सगळ्यात मोठ्या राज्यात, मुलींना युनिव्हर्सिटीत रीतसर अॅडमिशन 1908 ला!! मग त्याआधी त्या शाळेत जायच्या की नाही? गेल्या तर शिकायच्या काय? शुक्रवारी द्यायचंय, प्लीज कोणीतरी सांगा.

मांडवीचे_काका:
अगं शाळेत सगळ्याच जायच्या. फोल्क्सशूले म्हणजे साधी प्राथमिक शाळा, आठ वर्षांची, मुलगा असो मुलगी असो सक्तीची, आणि प्रशियात 1888 पासून फी पण नाही. चौदाव्या वर्षी शाळा संपली की गरिबाची पोर कुणाच्या तरी घरी कामाला नाहीतर गिरणीत. बहुतेक मुलींचं शिक्षण तिथेच संपायचं, हे आधी लिही, कारण युनिव्हर्सिटीची भानगड वरच्या थरातल्या मूठभर मुलींची.
त्या वरच्या थराला वेगळी शाळा, फी भरून, होयेरे टोख्टरशूले. तिथे फ्रेंच, इंग्लिश, साहित्य, धर्म, चित्रकला आणि शिवणकाम, गणित जेमतेम. 1872 ला वायमारला या शाळांचे मास्तर लोक जमले होते आणि मुलींना चांगलं शिकवायचं कारण त्यांनी काय दिलं माहितीये? बायकोची समज तोकडी राहिली तर जर्मन नवरा घरात बसून कंटाळेल, ते टाळायला! हे मी मनचं सांगत नाहीये, ठरावातच आहे. हेलेने लांगे या शिक्षिकेने 1887 ला सरकारकडे जे निवेदन दिलं त्यात याच विचाराला धरून झोडपलंय, शिवाय मागणी केली की मोठ्या मुलींना बायका शिकवू देत.

गणितवाली_अलकापुरी:
काकांचं बरोबर आहे पण खरी गोम परीक्षेत आहे. युनिव्हर्सिटीत जायला आबिटूर, म्हणजे शाळेची शेवटची परीक्षा, लागते आणि टोख्टरशूले आबिटूरपर्यंत नेतच नव्हती, म्हणजे मुलगी कितीही हुशार असली तरी कागदच नाही. बर्लिनला हेलेने लांगेने 1893 पासून खास कोर्स चालवले, 1896 ला तिथल्या सहा मुली आबिटूर पास झाल्या, कार्ल्सरुहला 1893 ला मुलींचं पहिलं गिम्नाझियम, म्हणजे आबिटूरपर्यंत नेणारी शाळा, निघालं. म्हणजे सरकारने ढिम्म हलायचं नाही आणि बायकांनी आपलं आपण उभं करायचं.
गणितज्ञ एमी नोएथरचं उदाहरण टाक, मॅडम खूश होतील. वडील एर्लांगेनला गणिताचे प्रोफेसर, पोरगी टोख्टरशूलेत, मग 1900 ला इंग्लिश-फ्रेंच शिकवायची परीक्षा पास केली, म्हणजे बाईची नोकरी पक्की. पण तिला गणितच करायचं! मग वर्गात नुसती ऐकायला बसायची, त्यालाही प्रत्येक प्रोफेसरची वेगळी परवानगी, 1903 ला न्युर्नबर्गला बाहेरून आबिटूर दिली, 1904 ला रीतसर नाव लागलं आणि 1907 ला डॉक्टरेट. एर्लांगेन ज्या राज्यात आहे त्या बव्हेरियाने 1903 ला दार उघडलं म्हणून हे जमलं, बाडेन या दुसऱ्या जर्मन राज्याने 1900 ला उघडलं होतं. प्रशिया सगळ्यात मोठं राज्य आणि शेवटच्या गाड्यांत.

निझामपुरा_जोशी:
एक गंमत सांगतो, कलकत्ता युनिव्हर्सिटीतून कादंबिनी गांगुली आणि चंद्रमुखी बसू 1883 ला पदवीधर झाल्या. बर्लिनच्या आधी पंचवीस वर्षं! म्हणून लगेच "आपण पुढे होतो" असं लिहू नका हं, बंगालमधल्या बाकीच्या मुलींना अक्षरओळख तरी होती का ते बघा. आणि बडोद्याचा कायदाही मुलींसाठी 7 ते 10 वर्षं एवढाच, मुलग्यांना 12. दहाव्या वर्षी सुटका, कारण पुढे लग्न. जर्मनीत चौदापर्यंत सगळ्या शाळेत पण वरचं दार बंद, इकडे वरचं दार उघडं पण जिन्यावर कोणीच नाही. तुलना इथे कर.

रावपुरा_कट्टा:
बापरे, थँक्यू सगळ्यांना 🙏 मग 1908 ला नक्की काय झालं? आणि शिक्षिका बायका असायच्या ना तिकडे? त्यांना तरी मान होता का?

गणितवाली_अलकापुरी:
ऑगस्ट 1908 ला प्रशियाने मुलींच्या शाळांची फेररचना केली. दहा वर्षांची शाळा सरकारमान्य, गणित आणि विज्ञान वाढवलं, ज्यांना आबिटूर हवी त्यांच्यासाठी वेगळी शाखा, श्टूडियनआनश्टाल्ट. आणि त्याच वेळी युनिव्हर्सिटीचं दार. पण बाजूलाच फ्राउएनशूले पण ठेवली, स्वयंपाक-घरकाम, बालसंगोपन वगैरे, म्हणजे कंटाळणाऱ्या नवऱ्याला सरकार विसरलं नव्हतं बरं का! फी होतीच, त्यामुळे कारखान्यातल्या कामगाराची मुलगी या सगळ्याच्या बाहेरच राहिली.
शिक्षिकांचं तर विचारू नकोस. लग्न केलं की नोकरी गेली, पेन्शनचा हक्कही गेला. 1919 च्या राज्यघटनेने बायकांना वेगळे नियम लावणं बंद केलं, पण 1923 ला सरकारी खर्च कमी करायच्या नावाखाली लग्न झालेल्यांना काढायची सोय परत आली.

मांडवीचे_काका:
बेटा, बडोद्याची बाजू लिहिताना चिमणाबाई महाराणींना विसरू नकोस, 1927 ला पुण्याच्या पहिल्या अखिल भारतीय महिला परिषदेच्या अध्यक्षा त्याच होत्या. आणि ते 7 ते 10 वालं ठळक अक्षरात लिही, बडोद्याचं कौतुक करताना लोक नेमकं तेच गाळतात.