डब्यातल्या खमंग काकडीला पाणी सुटतं

सासूबाईंचा दुपारचा डबा सकाळी सातलाच भरून निघते. काकडी चोचवून, दाण्याचं कूट, मिरची, मीठ, लिंबू, वर तूप-जिऱ्याची फोडणी. दुपारपर्यंत नुसतं पाणी. पोळी राहिली तरी चालेल, काकडी त्यांना हवीच. काय करू?

नाशिककर: मीठच पाणी ओढतं. मीठ-साखर डबीत वेगळी द्या, खाताना कालवतील.

प्रश्नकर्ती: त्यांचे हात थरथरतात हो, कालवणं जमत नाही.

माईआजी: मग आधीच मीठ लावून दहा मिनिटं ठेव, घट्ट पिळ, मग कूट घाल. कूट जाडसर हवं, बारीक कुटाचा लगदा होतो. वरून पुन्हा मीठ नको. आणि ते पाणी ओतू नकोस गं! त्यातच थालीपिठाचं पीठ भिजव, फार चवदार लागतं.